घंटेच्या भट्टीत ग्रीकांचे भाले

भट्टीतून मूस उचलून साच्यात धातू ओतताना कितीही जपलं तरी चार थेंब इकडं-तिकडं सांडतातच. जमिनीवर पडले की जागच्या जागी गोठतात, मण्यांसारखे. संध्याकाळी झाडलोट करताना ते कोपऱ्यात जातात. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण एखाद्या दिवशी सहज बघावं तर हा एवढा ढीग!

किश्श्यांचं पण तसंच आहे बघा. कोरे मॅडमच्या भाल्यांचं काम आमच्या कारखान्यात चाललं होतं, तेव्हा सांडलेले थेंब माझ्याकडं बरेच जमलेत. आज निवांत बसलोय तर सांगतो. घाई असंल तर मधूनच उठून जा, मला राग येत नाही.

आधी माणसं सांगतो. म्हणजे पुढं गोंधळ नको.

कारखाना इराप्पा ओताऱ्याचा. सोलापुरात, होटगी रोडच्या अलीकडं. 'कारखाना' म्हणायचं आपलं, आहे पत्र्याचं शेडच! त्यात भट्टी, समोर अंगण, मागं इराप्पाचं घर. इराप्पा घंटा ओततो. देवळाच्या. त्याचा बाप ओतायचा, आजा पण ओतायचा. मी तिथं मातीचं काम बघतो. साच्याची माती चाळायची, शेण-भुस्सा घालून मळायची, थापायची, वाळवायची. शाळा काही आपल्याला झाली नाही. घंटेवर देणाऱ्याचं नाव मेणात उमटवता उमटवता अक्षरं ओळखीची झाली, तेवढीच. सगळे मला तात्या म्हणतात. शेजारच्या शेडात गौसभाई, लाकडाचा लेथ चालवतो. पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय. आणि इराप्पाची बायको महादेवी. अक्कलकोटकडची. रागावली की कानडीत बोलते, म्हणून आमचं सगळ्यांचं कानडी चांगलं आहे.

झाली माणसं. आता कोरे मॅडम.

* * *

मॅडम कॉलेजात इतिहास शिकवतात. एक दिवस स्कूटी लावून सरळ शेडात आल्या, आणि इराप्पापुढं मोबाईल धरला. त्यात फोटो. भाल्याचं पातं. लांब, पिंपळाच्या पानासारखं, मधून शीर गेलेली, खाली दांडा बसायला पोकळ नळी.

"असं करून पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "कास्याचं. काही भाले ग्रीकांचे, काही एट्रुस्कनांचे."

"कोन लोक हे?"

"ग्रीक म्हणजे ग्रीसचे. एट्रुस्कन म्हणजे इटलीतले. रोमचं राज्य मोठं व्हायच्या आधीचे."

इराप्पानं फोटो जवळ घेतला, लांब धरला. मग हळूच विचारलं, "मॅडम, मारायचंय कुनाला?"

"कुणाला नाही हो! मरायचे ते अडीच हजार वर्षांपूर्वीच मेले."

"मग येवडी घाई कशाची?"

घाई होती. कॉलेजात एक जुनी खोली रिकामी पडलेली. मॅडमना तिथं जुन्या शस्त्रांचं दालन करायचं होतं. पोरांनी पुस्तकातलं चित्र बघण्यापेक्षा भाला हातात धरून बघावा, हे त्यांचं गेल्या किती वर्षांचं म्हणणं. आणि प्रिन्सिपॉल साहेबांना त्याच खोलीत जिम करायची होती. कॉलेजची कमिटी येऊन खोली बघणार. तोवर भाले मांडलेले असले तर दालन. नसले तर ट्रेडमिल!

"रिटायर व्हायच्या आधी एवढं एक करायचंय मला," मॅडम म्हणाल्या. हे त्या हसत म्हणाल्या, पण डोळे काही हसत नव्हते.

इराप्पानं मोबाईल परत दिला. "तात्या, माती चाळा," म्हणाला. आमच्याकडं होकार असाच देतात.

* * *

पहिलं पातं असं उतरलं की काय सांगू! मेणाचं पातं केलं, नळीत मातीचा गाभा भरला, वरून माती थापली, भाजली, मेण वितळून गेलं, त्या जागेत कासं ओतलं. साचा फोडला तर आत नुसतं सोनं!

आता, ओताऱ्याची एक रीत असते. माल चांगला का वाईट हे तो डोळ्यांनी बघत नाही, कानांनी बघतो. इराप्पानं पातं दोऱ्याला टांगलं आणि लाकडी मोगरीनं हळूच टोला दिला.

टण्ण्ण्ण...

असा नाद की गौसभाईनं लेथ बंद केला. लांबवर घुमत राहिला. महादेवी घरातून बाहेर आली आणि न बोलता आत गेली. म्हणजे तिला पण आवडला.

"ह्येला म्हनायचं कासं!" इराप्पा म्हणाला.

मॅडम आल्या. त्यांना पण फार आवडलं. मग म्हणाल्या, "आता चालवून बघू या." पोत्यात भुस्सा दाबून भरला, त्यावर जुनं कातडं बांधलं, पोतं भिंतीला टेकवलं. पातं दांड्याला बसवलं. इराप्पानं स्वतः धोतर खोचलं, "हर हर" म्हणत दोन पावलं पळत गेला आणि घातला भाला!

कातडं पार झालं. पोतं पण पार झालं. मागं भिंत होती. टोक भिंतीला लागलं आणि पात्याचे पापडासारखे तुकडे!

इराप्पा तुकड्यांकडं बघत राहिला. एक तुकडा उचलून कानापाशी नेत म्हणाला, "आवाज तर चांगला होता की!"

* * *

तिथून खरी पंचाईत सुरू झाली. मॅडमनी समजावलं, "इराप्पा, तुम्ही घंटेचं कासं वापरलंत. घंटेला कथील जास्त लागतं, म्हणून ती वाजते. पण जास्त कथिलानं धातू ठिसूळ होतो. भाल्याला कमी घालायचं. दहा भागांत एक भाग पुरे, बाकी तांबं."

इराप्पाचा चेहरा उतरला.

तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. कथील महाग. घंटेत कथील कमी घालणं म्हणजे देवाच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ फेकणं. अख्ख्या जिल्ह्यात इराप्पाचं नाव आहे ते एवढ्याच कारणानं, की त्यानं कधी कथिलात हात मारला नाही. त्याचा बाप जाताना मुलांना म्हणे एवढंच सांगून गेला होता.

"कमी न्हाय घालनार," इराप्पा म्हणाला.

"अहो, ग्रीक लोकच कमी घालत होते!"

"त्यांचं त्यांच्यापाशी."

मॅडमनी फोटो दाखवले, पुस्तक दाखवलं. इराप्पा मान हलवेना. शेवटी मॅडम भट्टीसमोर उकिडव्या बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "इराप्पा, माझ्यासाठी एकदा बेइमानी करा."

इराप्पानं कपाळावरचा घाम पुसला. "मॅडम," म्हणाला, "हे वय हाय का हो माजं?"

पण केली. कथील कमी घातलं. घालताना कारखान्याचं दार मात्र आतून लावून घेतलं!

त्या पात्यावर टोला दिला तर नुसतं 'टक्'. इराप्पानं कानावर हात ठेवला. मग धारेला थंडपणी हातोडी मारून ती घट्ट करायची होती. ते काम माझ्याकडं आलं, कारण घंटेवर आयुष्यभर हातोडी न मारलेल्या इराप्पाला ते बघवेना. मी आपला बसलो, बारीक बारीक ठोके देत. घाई केली की चीर जाते. चार दिवसांचं काम मी निवांत आठ दिवसांत केलं. नंतर इराप्पानं पुन्हा पोत्यात भाला घातला, पुन्हा भिंतीला लागला. टोक जरासं मुडपलं, पण पातं शाबूत!

"वाजत न्हाय, पन हाय चिवट," इराप्पा म्हणाला. "आमच्या सासऱ्यासारखं."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

* * *

दांडे गौसभाईकडं दिले होते. मॅडमनी सांगितलं, सरळ, गोल, दीड माणूस उंचीचा. आम्हाला वाटलं, हे सगळ्यात सोपं काम.

गौसभाईनं दांडा आणला. बघतो तर काय! खाली कळस, वर कळस, मधे मणी, मण्यांच्या खाली कमळ, आणि त्यावर लाल-पिवळा-हिरवा लाखेचा रंग. पाळण्याला लावला असता तर बाळ रडायचं थांबलं असतं!

मॅडमनी डोक्याला हात लावला. "गौसभाई, हा भाला आहे हो. लढाईचा."

"हौ मॅडम, मालूम है मेरेकू. पन ऐसा नंगा डंडा कैसा देऊं? कल कोई पूछा, ये किसकी लकडी है, तो गौसका नाम लेंगे ना?"

"अहो, तिकडं दांडे साधेच असायचे."

गौसभाईला वाईट वाटलं. ग्रीकांसाठी. "बेचारे," म्हणाला, "उनके पास लेथ नहीं था क्या?"

मग साधे दांडे केले. पण एका दांड्याच्या बुडाशी, जिथं धातूच्या टोपणाखाली झाकलं जातं तिथं, त्यानं एक बारीक कमळ कोरलंच. मॅडमना अजून माहीत नाही. तुम्ही सांगू नका.

* * *

आता ते बुडाचं टोपण. ग्रीक भाल्याला मागच्या बाजूला पण एक टोक असतं. कास्याचा जाडजूड खिळाच म्हणा. मॅडम म्हणाल्या, पुढं पुढं पातं लोखंडाचं करायला लागले, तरी मागचा खिळा मात्र कास्याचाच ठेवला. भाला जमिनीत रोवून ठेवायचा, ओल्या मातीत लोखंड गंजलं असतं. आणि पुढचं पातं तुटलं तर उलटा फिरवून तोच भाला परत वापरायचा. ह्या खिळ्याला ते लोक 'सरडे मारणारा' म्हणायचे.

"लडाईत सरडे?" इराप्पानं विचारलं.

"गमतीनं म्हणत असतील."

"न्हाय, म्हंजे तिकडं सरडे लई असतील."

असा एक पुरा तयार भाला कॉलेजात नेऊन दाखवायचा होता. रिक्षा केली. मी आणि इराप्पा मागं बसलो, भाला आडवा. एका बाजूनं पातं बाहेर, दुसऱ्या बाजूनं खिळा बाहेर. चौकात ट्रॅफिक हवालदारानं शिट्टी मारली.

"काय हाय हे?"

"भाला," इराप्पा म्हणाला. "ग्रीकांचा."

"कुटं राहतात ते?"

मी म्हणालो, "साहेब, ते वारले."

हवालदारानं रिक्षेला एक फेरी मारली. पात्याला बोट लावलं. मागं आला, खिळा बघितला. "टोक एका बाजूला असतंय. हे मागचं कशाला?"

इराप्पा खरं बोलणारा माणूस. "सरडे मारायला," म्हणाला.

हवालदारानं आमच्या दोघांच्या तोंडांचा वास घेतला. मग मी मॅडमना फोन लावून दिला. मॅडमनी पाच मिनिटं समजावलं. हवालदार 'व्हय व्हय' करत होता. मॅडमचं शेवटचं वाक्य आम्हाला पण ऐकू आलं, "अहो, हे अडीच हजार वर्षं जुनं मॉडेल आहे!"

हवालदारानं फोन परत दिला आणि रिक्षावाल्याकडं वळून म्हणाला, "मग ह्येची पीयूसी तर नक्की संपली असंल!"

आणि सोडलं. पण नियम तो नियम. लांब माल बाहेर आला की लाल फडकं पाहिजे. त्यानं स्वतः पात्याला एक आणि खिळ्याला एक फडकं बांधून दिलं. कॉलेजात पोचलो तर पोरांनी आधी फडक्यांचेच फोटो काढले. दुसऱ्या दिवशी वर्गात एका पोरानं ग्रीक सैनिकाचं चित्र काढलं, त्यात प्रत्येक भाल्याला दोन लाल फडकी!

* * *

एट्रुस्कनांची एक वेगळीच तऱ्हा. तिकडच्या काही थडग्यांत मेलेल्या माणसाबरोबर त्याची शस्त्रं पुरलेली सापडतात, आणि त्यातली काही मुद्दाम वाकवलेली असतात. मालक गेला, आता शस्त्र पण गेलं, असं असावं, असं मॅडम म्हणाल्या. नक्की कुणालाच माहीत नाही, हे पण म्हणाल्या. पुरावा नसला की मॅडम तसं सांगतात, उगाच पुढं रेटत नाहीत.

तर मॅडमना एक वाकवलेलं पातं पाहिजे होतं.

इराप्पानं सरळ नकार दिला. "कथील कमी घाल म्हनला, घातलं. आता चांगलं केलेलं हातानं वाकडं कर म्हनताय. हे न्हाय जमायचं."

"तात्या, तुम्ही?"

मी धार ठोकायला आठ दिवस बसलेलो. मी म्हणालो, "मॅडम, माझ्यानं पण नाही व्हायचं."

गौसभाई तर आधीच शेडाबाहेर निघून गेला.

ते पातं तसंच कट्ट्यावर पडून राहिलं, सरळच्या सरळ. मॅडम रोज यायच्या, बघायच्या, जायच्या. कमिटीचा दिवस जवळ आलेला. एका सकाळी आलो तर पातं मधोमध छान कमानीसारखं वाकलेलं!

इराप्पा भट्टीसमोर उभा, लालबुंद. "एन माडिदी? काय केलंस हे?" महादेवीवर ओरडत होता.

तेवढ्यात मॅडम आल्या. पातं उचललं, फिरवून बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की बास. "अगदी असंच असतं! हुबेहूब! महादेवीताई, तुम्ही केलंत? कसं काय जमवलंत? म्हणजे किती वाकवायचं हे कसं ठरवलंत?"

महादेवीनं पदर खोचला. "त्यात काय ठरवायचं? पिठाचा डबा गच्च बसला होता. झाकण उघडंपतूर वाकवलं!"

* * *

एक अगदी छोटा सांगतो.

पाती तयार झाल्यावर इराप्पानं चिंच लावून सगळी लखलखीत घासली. कॉलेजातले दुसरे एक सर बघायला आले. म्हणाले, "हे काही खरं वाटत नाही. म्युझियममध्ये मी बघितलंय, हिरवंगार असतं. हे तर नवं दिसतंय."

इराप्पा घासता घासता थांबला नाही. "सर," म्हणाला, "लडाईच्या दिवशी तेंचं पन नवंच होतं."

* * *

मग ती मैदानावरची लढाई. ही ऐकण्यासारखी आहे.

मॅडमनी पोरांना ग्रीकांची रांग करून दाखवायची ठरवली. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, डाव्या हातात ढाल, उजव्या हातात भाला. ढाली कुठल्या? मांडववाल्याकडून पराती आणल्या. पोरांच्या हातात काठ्या दिल्या. सगळ्यात उजवीकडं, टोकाला, यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा एक दांडगा गडी उभा केला. मॅडम म्हणाल्या, ग्रीक पण तगडा माणूस उजव्या टोकालाच उभा करायचे.

मी आणि इराप्पा कट्ट्यावर बसलेलो. शिट्टी झाली, रांग निघाली. समोर, सरळ, झेंड्याच्या खांबाकडं जायचं होतं.

पण काय होतं बघा. प्रत्येकाची ढाल डाव्या हातात. म्हणजे उजवी बाजू उघडी. समोरून दुसऱ्या वर्गाची पोरं चेंडू फेकत होती. मग प्रत्येक जण आपली उघडी बाजू शेजाऱ्याच्या परातीमागं लपवायला थोडा उजवीकडं सरकायचा. शेजारी त्याच्या शेजाऱ्यामागं. टोकाच्या दांडग्याला उजवीकडं शेजारीच नाही, तो आपला उघडी बाजू चुकवत उजवीकडंच चाललेला!

अख्खी रांग तिरपी झाली. झेंड्याचा खांब राहिला एकीकडं. रांग चालली ऑफिसकडं. मॅडम शिट्ट्या मारतायत, पोरं परातीमागं दडलेली, समोरचं कुणाला दिसेना. आणि खळ्ळ! सगळी फौज प्रिन्सिपॉल साहेबांच्या कुंड्यांवर! शेवंती, गुलाब, जास्वंद, सगळं धारातीर्थी पडलं.

साहेब बाहेर आले. "मॅडम! हे काय आहे?"

आणि मॅडम, त्या तर आनंदानं टाळ्याच वाजवत होत्या! "सर, अगदी असंच व्हायचं! ग्रीकांची रांग पण उजवीकडंच सरकायची! जुन्या इतिहासात लिहून ठेवलंय! सर, इतिहास जसाच्या तसा घडला!"

साहेबांनी मातीत पडलेली शेवंती उचलली. तिच्याकडं बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, त्या खोलीत जिमच बरी. ट्रेडमिलवरचा माणूस निदान जागच्या जागी पळतो!"

त्या दिवशी मॅडम पण आमच्याबरोबर परत आल्या. शेडात आल्यावर मॅडम म्हणाल्या, "भाले बहुतेक माझ्या घरीच ठेवावे लागणार."

इराप्पा म्हणाला, "तुमी मांडा तर खरं."

* * *

आणि आता कमिटीचा दिवस.

मॅडमनी खोली काय सुंदर मांडली होती! मागं लाल मखमल, त्यापुढं चौरंगासारखे स्टँड, त्यावर उभे भाले. ग्रीकांचे एका बाजूला, एट्रुस्कनांचा मोठा भाला मधोमध. वरून दिवा सोडलेला. पातं असं झळकत होतं की नजर ठरेना. मॅडम आम्हाला आत बसवून कमिटीला आणायला गेटकडं गेल्या.

इकडं झालं असं. आमच्या कारखान्याची एक रीत आहे. इथून कुठलीही घंटा जाताना घरच्या बाईनं तिला हळदकुंकू लावायचं. माहेरवाशीण निघाली की लावतात ना, तसं. भाले कॉलेजात गेले त्या दिवशी महादेवी अक्कलकोटला माहेरी गेलेली. परत आल्यावर तिला कळलं, माल तसाच गेला! तिच्या जिवाला चैन पडेना. म्हणून नेमकी त्या सकाळी ती ताट घेऊन कॉलेजात आली. एकटी कशी येणार? गल्लीतल्या चार बायका बरोबर.

दाराबाहेर चपला काढल्या. आत आल्या. महादेवीनं मधल्या एट्रुस्कन भाल्याला हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं, हात जोडले. बाकीच्यांनी पण जोडले. मी म्हणणार होतो, "अगं, कमिटी येतीय." पण मध्येच कसं म्हणायचं? होऊ दे म्हटलं.

बाहेरून पोरी चाललेल्या. त्यांनी चपला बघितल्या, आत डोकावल्या. परीक्षा तोंडावर आलेली. एकीनं चपला काढल्या. मग दुसरीनं. मग रांगच लागली! कुणी फूल वाहतंय, कुणी पेन टेकवतंय. एका पोरानं तर हॉलतिकीट भाल्यापुढं ठेवलं. बाहेर चपलांचा हा एवढा ढीग!

आणि व्हरांड्याच्या टोकाला कमिटी. पुढं प्रिन्सिपॉल साहेब, मागं कमिटीची मोठी माणसं, आणि त्यांच्याबरोबर हातात मापाची टेप घेतलेला जिमवाला. साहेबांनी त्याला मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. सगळ्यात मागून धापा टाकत मॅडम.

मॅडमना लांबूनच दिसलं. त्या जागच्या जागी थांबल्या. आयुष्यभर पोरांना सांगत आल्या, पुराव्याशिवाय बोलू नका. आणि त्यांच्या एट्रुस्कन भाल्याच्या कपाळावर हे एवढं कुंकू! इराप्पा माझ्या कानात म्हणाला, "तात्या, संपलं सगळं."

साहेब दारात आले. चपलांचा ढीग बघितला. क्षणभर उभे राहिले.

मग खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडली.

साहेबांनी सोडली म्हटल्यावर कमिटीनं पण सोडली. एकाच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तो त्यानं दुसऱ्या पायानं झाकला. जिमवाल्यानं पण बूट काढले. पोरींनी बाजू दिली. सगळे ओळीनं आत आले, आपापल्या मोज्यांकडं बघत.

साहेबांनी भाल्याकडं बघितलं. हात जोडले. डोळे मिटले. आणि डोळे न उघडताच, अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, देव कुठला?"

महादेवी मॅडमकडं बघतीय. इराप्पा मॅडमकडं बघतोय. मी जमिनीकडं.

मॅडमनी भाल्याकडं बघितलं. जिमवाल्याच्या हातातल्या टेपकडं बघितलं.

"सर," म्हणाल्या, "इटलीचा."

साहेबांनी मान डोलावली. कपाळाला बोट लावलं. फिरले, आणि जिमवाल्याला म्हणाले, "टेप आणलीच आहे, तर दाराबाहेर चपलांच्या स्टँडचं माप घ्या. पक्का पाहिजे. सिमेंटमध्ये."